दीड भांडे पाणी

वहिनींनी आयुष्यातली पहिली चोरी केली ती एका बुधवारी, भर दुपारी, आणि तीसुद्धा स्वतःच्याच घरात. चोरी म्हणायची खरी, पण घरातून गेले काहीच नाही. उलट दीड भांडे पाणी घातले गेले. जेवण उरकून दादा आतल्या खोलीत आडवे झाले होते, त्यांच्या घोरण्याला लय सापडली होती, आणि वहिनी शिवणयंत्रावरून उठून, चपला काढून, अनवाणी पायांनी गॅलरीत गेल्या. तिथे आकड्याला तारेने टांगलेला शेवाळाचा गोळा वाऱ्यावर हळूहळू फिरत होता. त्यांनी पाण्याचे वाडगे खालून वर उचलले, गोळा त्यात अर्धा बुडेल असे धरले आणि दंडाला रग लागेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग गोळ्यातून ठिबकणारे थेंब कापडाच्या चिंध्यांनी टिपले, फरशी पुसली, ओल्या चिंध्या मुठीत दाबून त्या आत आल्या आणि कुणी काही विचारलेले नसताना पुटपुटल्या, "फरशी पुसत होते." चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे.

बेकरीतली सगळी माणसे त्यांना वहिनी म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला दादा. तेव्हा आपणही तसेच म्हणू. बेकरी दोघा भावांची. धाकटा गल्ल्यावर बसे, दादा आत पिठाच्या टेबलाशी उभे राहत. अडतीस वर्षे. फुगलेल्या पिठाच्या ढिगातून पत्र्याच्या पट्टीने एक तुकडा कापायचा, तळहातावर झेलायचा, आणि तो झेलता झेलताच त्यांना कळे की हा साडेचारशे ग्रॅमचा आहे, की चिमूटभर कमी आहे. कमी असला तर चिमूटभर पीठ लागलीच येऊन चिकटे. शेजारी वजनकाटा होता, पण त्याच्यावर बहुधा चहाचे कप ठेवलेले असत. कामगारांनी दादांचे नाव 'काटा' ठेवले होते. "काट्याला विचार," "काट्याची सुट्टी आहे, आज पाव लहानमोठे होणार," असे बोलणे चाले. वहिनींनी एकदा घरी वजनकाटा आणायचे काढले, तेव्हा दादाच म्हणाले होते, "घरात एक काटा असताना दुसरा कशाला?"

मग एका सकाळी दादांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. जीभ महिनाभराने सरळ झाली, पाय तीन महिन्यांनी. हातही उठू लागला, मूठ वळू लागली, बटण मात्र लागत नसे. पण खरी अडचण बटणाची नव्हती. दादा वाटी उचलत, ठेवत, पुन्हा उचलत, आणि म्हणत, "हात हलतो गं. पण बोलत नाही." भरली वाटी आणि रिकामी वाटी त्या हाताला सारखीच लागे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, येईल, सावकाश येईल, वापरत राहा. धाकटा दर रविवारी भेटायला येई. त्याने टेबलाशी एक नवा कारागीर ठेवला होता, पन्नाशीचा, कामसू, दुसरीकडची पक्की नोकरी सोडून येऊ शकेल असा. पण त्याला कायमचे हो म्हटलेले नव्हते. "दादा, टेबल तुझं आहे," धाकटा म्हणे. "तू सांगशील तसं. फक्त पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सांग. त्या माणसालाही किती दिवस लटकत ठेवू?"

लटकत ठेवायची गोष्ट निघाली आणि दुसऱ्याच आठवड्यात लेक खरेच एक लटकती गोष्ट घेऊन आली. ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला होती. तिने पिशवीतून नारळाएवढा हिरवा गोळा काढला. आत माती, मातीभोवती शेवाळाची गादी, वरून काळा दोरा उलटसुलट गुंडाळलेला, आणि डोक्यावर नेच्याची सातआठ नाजूक पाने. कुंडी नाही, ताटली नाही.

"हे काय, झाडाला लुगडं नेसवलंय?" वहिनी म्हणाल्या. दोरा कसा फिरवला आहे ते त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेने लगेच पाहून घेतले होते. गाठ कुठे आहे ते मात्र सापडले नाही, तेव्हा त्यांना कारागिराविषयी आदर वाटला.

"याला शेवाळगोळा म्हणतो आम्ही," लेक म्हणाली. "बाबा, हा तुमच्यासाठी. गॅलरीत टांगायचा, उघड्या हवेत. ऊन थेट नको, पण वारा लागणारच. आणि वारा याचं पाणी पितो. घरात टांगला असता तर आठवड्यातून एकदा पुरलं असतं. इथे कधी तीन दिवसांनी, कधी दुसऱ्याच दिवशी."

"मग समजायचं कसं? बोट खुपसून?" दादांनी विचारले.

"शेवाळ फाटेल. वरून तर काहीच कळत नाही. शेवाळ हिरवंगार दिसतं आणि आत माती कोरडी ठणठणीत असते. उचलून बघायचं. जड असला तर राहू दे, हलका झाला की बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. तेवढंच."

दादांनी लेकीकडे पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती आकडा कुठे ठोकायचा ते शोधत होती. त्यांना कळले, आणि त्यांना कळल्याचे वहिनींनाही कळले. "म्हणजे व्यायामाच्या बाईंनी आता झाडाचं रूप घेतलंय म्हण की," दादा म्हणाले.

"उजव्या हातानं हं, बाबा. आणि आई, तू मधे पडायचं नाहीस. हे बाबांचं काम."

"मी कशाला पडू मधे?" वहिनी म्हणाल्या. "मला माझी कामं थोडी आहेत?"

पहिला आठवडा वाईट गेला. दादा रोज सकाळी गॅलरीत जात, उजव्या तळहातावर गोळा तोलत, डोळे मिटून घेत. "जड आहे," म्हणत. दुसऱ्या दिवशी, "जडच आहे." तिसऱ्या दिवशी वारा सुटला होता, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळत होते, तरी, "आहे की जड." चौथ्या दिवशी नेच्याची पाने मान टाकून गोळ्याच्या अंगावर पडली. तेव्हा दादांनी डाव्या हाताने गोळा उचलला. डावा हात जन्माचा अडाणी, पिठाला कधी न लागलेला. पण गोळा रिकाम्या टोपलीसारखा सहज वर आला हे त्यालासुद्धा समजले. बादलीत टाकला तर तो बुडेना, बुचासारखा तरंगू लागला. पालथ्या घड्यावर पाणी! लेकीला फोन केला, तिने सांगितले तसा तो वजन ठेवून तासभर दाबून धरला, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी पाने उभी राहिली. निम्मी राहिली नाहीत.

त्यानंतर दोन दिवस दादा उजवा हात मांडीखाली घालून बसले होते. वहिनींनी चहा पुढे केला तर त्यांनी डावा हात पुढे केला. वहिनींनी नवऱ्याला दुखण्यात पाहिले होते, उसन्या काठीने चालताना पाहिले होते. पण हात असा लपवून बसलेला माणूस त्यांना पाहवेना. आणि म्हणून त्या बुधवारची ती चोरी.

त्यांचा हिशेब साधा होता. गोळा सुकू द्यायचाच नाही, म्हणजे दादा चुकायचेच नाहीत. दर एक दिवसाआड, दुपारच्या झोपेत, थोडे थोडे. दादांनी "जड आहे" म्हटले की ते खरेच ठरेल. झाड टवटवीत दिसेल. टवटवीत झाड पाहून माणूस टवटवीत होईल. आणि झालेही तसेच. नेच्याला कोवळी, गोगलगाईसारखी गुंडाळलेली नवी पाने फुटली. दादा हात मांडीखालून काढून पुन्हा गॅलरीत जाऊ लागले. वहिनी तो गोळा तळहातावरच्या फोडासारखा जपत होत्या. खोटे बोलण्याची टोचणी होती, पण शिवताना सुई टोचतेच, म्हणून कुणी शिवायचे थांबत नाही, असे त्या स्वतःला समजावीत.

दुसऱ्या आठवड्यात दादा सकाळी गॅलरीतून आत आले ते कपाळाला आठी घालून.

"आज हलका हवा होता," ते म्हणाले.

"काय?"

"गोळा. काल दिवसभर वारा होता. परवाच्यापेक्षा हलका हवा. हात म्हणतोय, जड झालाय."

"हवा दमट आहे," वहिनी म्हणाल्या आणि यंत्राचे चाक जोरात फिरवले.

दोन दिवसांनी तेच. "काल म्हणत होता हलका. आज म्हणतोय जड. मधे पाणी नाही, पाऊस नाही. हवेतून कुठे वजन येतं का गं?" दादांनी उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला आणि खोटी साक्ष देणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले. "आधी मुका होता. आता बोलतोय तर थापा मारतोय."

वहिनींच्या हातातली कात्री थांबली. त्या दिवशी सांगायला हवे होते, हे त्यांना नंतर पुष्कळदा वाटले. पण आपण ज्याला सुखरूप ठेवतो आहोत त्यालाच आपण मोडतो आहोत, ही गोष्ट माणसाला एका क्षणात दिसत नाही. आणि दिसली तरी तो क्षणभर डोळे मिटून घेतो. वहिनींनी मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी आणखी एक आठवडा पाणी घातले.

डोळे उघडले ते लेक आली तेव्हा. महिन्याचा शेवटचा आठवडा होता, आणि सोमवारी धाकट्याला उत्तर द्यायचे होते. लेकीने गोळ्याला नाक लावले आणि तोंड वाकडे केले. खालची तीन पाने देठापासून पिवळी पडली होती.

"बाबा, याला सारखं पाणी मिळतंय. मुळं गुदमरलीत. कुजका वास येतोय बघा. किती वेळा बुडवला या आठवड्यात?"

"एकदा," दादा म्हणाले. "रविवारी."

"एकदा शक्यच नाही."

"एकदाच, बाळा," दादा हळू म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "निदान मला तरी एकदाच आठवतंय."

लेकीने आईकडे पाहिले. वहिनी खाली पडलेल्या टाचण्या वेचत होत्या. एकही टाचणी खाली पडलेली नव्हती.

लेक गेल्यावर दादांनी कपाटातून बाहेर जायचा सदरा काढला. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "धाकट्याला फोनवर नको सांगायला. जाऊन येतो. त्या माणसाला म्हणावं, टेबल तुझं. हात खोटं बोलतो ते एक वेळ चाललं असतं. आता डोकंही बोलायला लागलं. मी रोज पाणी घालतोय आणि मला आठवत नाही, अशा माणसानं भट्टीजवळ उभं राहू नये. जरा बटणं लाव."

वहिनी पुढे झाल्या. पहिले बटण लावले, दुसरे लावले. तिसऱ्यापाशी त्यांची बोटे थांबली.

"तुम्हाला बरोबर आठवतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाच घातलंत. बाकीचं मी घातलं."

दादांना ते लगेच कळले नाही. मग कळले. "तू?"

"दुपारी. तुम्ही झोपलात की."

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले. एक दिवसाआड." एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "तुम्ही हात मांडीखाली घालून बसला होतात हो. मला ते बघवेना. वाटलं, झाड जगलं म्हणजे सगळं जमेल. मी काय वाईटासाठी केलं?"

"वाईटासाठी केलं असतंस तर बरं झालं असतं," दादा म्हणाले. "चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो. मी काय पाळण्यातला आहे, गुपचूप दूध पाजायला? तीन आठवडे, अगं, तीन आठवडे मी माझ्या हाताला खोटारडा म्हणत होतो. आज तर स्वतःला वेडा म्हणून बसलो. लेकीसमोर!"

वहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर दादांनी बोलणे थांबवले असते, आणि त्यांनी थांबू नये असे वहिनींना वाटत होते. दादांनी अर्धवट बटणे लावलेला सदरा तसाच अंगावर ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ. खालून कुणी तरी सायकल ढकलत नेली, समोरच्या खिडकीत कुणी गादी झटकली. दादांनी उजवा हात वर केला, गोळा तळहातावर घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"गेल्या सोमवारी कमी घातलंस," ते न वळता म्हणाले.

"काय म्हणालात?"

"सोमवारी. इतर दिवसांपेक्षा कमी. निम्मं असेल. मंगळवारी सकाळी गोळा थोडाच जड लागला होता. म्हणून तर जास्त गोंधळलो."

वहिनी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आठवले. सोमवारी दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई बाही सैल करून घ्यायला अचानक आल्या, दार वाजले, आणि वाडगे अर्ध्यावर खाली घ्यावे लागले. "पाऊण भांडं," त्या म्हणाल्या. "एरवी दीड."

"आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी घातलंच नाहीस."

"गुरुवारी..." वहिनींनी कपाळाला हात लावला. "गुरुवारी तुम्ही झोपलाच नाहीत. क्रिकेट बघत बसलात."

दादा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होताच, तो इतक्यात जाणार नव्हता. पण रागाच्या खालून दुसरे काही तरी वर येऊ पाहत होते, बादलीच्या तळातून बुडबुडा यावा तसे. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, उघडली. "म्हणजे हा खरं बोलत होता," ते म्हणाले. "पाऊण भांड्याचासुद्धा फरक सांगत होता. मीच ऐकत नव्हतो."

"मी ऐकू देत नव्हते," वहिनी म्हणाल्या.

"ते तर आहेच," दादा म्हणाले. सदरा मात्र त्यांनी काढून खुंटीला लावला. धाकट्याला फोन केला तो एवढाच: सोमवारी सांगतो, आज नाही.

पुढचे चार दिवस वहिनींना फार जड गेले. अति तिथे माती, आणि इथे मातीतच अति झाले होते. गोळा पुरता वाळू देणे भाग होते, आणि तो वाळताना हात बांधून बसणे त्याहून अवघड होते. पहिल्या दिवशी दादांनी गोळा तोलून जाहीर केले, "कालच्यापेक्षा दोन घोट कमी." वहिनी "हं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. गॅलरीतला गोळा गरगर फिरू लागला, तार करकरू लागली, आणि वहिनींनी शिवणयंत्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले, गॅलरी दिसू नये म्हणून. तरी दर अर्ध्या तासाने मान वळेच.

"चोर पहाऱ्यावर बसलाय की काय?" दादा आतून म्हणत.

"मी उजेड बघतेय. दोरा ओवायचाय."

"उजेड त्या बाजूला नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पानांची टोके आत वळू लागली. वहिनींनी ते पाहिले. दादांनीही पाहिले. दादांनी गोळा तोलला आणि परत सोडला.

"अहो, आता?"

"नाही."

"पानं बघा हो."

"पानं घाबरतात. गोळ्यात अजून आहे. थोडं आहे, पण आहे."

"आणि चुकलात तर?"

दादांनी त्यांच्याकडे सरळ पाहिले. "चुकलो तर चुकलो. झाड मरेल. माझ्या हातानं मरेल, एवढं तरी मला मिळू दे."

वहिनी आत जाऊन एका झग्याची दुमड उसवत बसल्या आणि ती दुमड नीट होती हे त्यांना उसवून झाल्यावर समजले.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, दादांनी गोळा तळहातावर घेतला आणि डोळे मिटले नाहीत. घेतला आणि म्हणाले, "आत्ता. बादली आण."

गोळा पाण्यात गेला. या वेळी तो तरंगला नाही. थोडा कलला, दादांनी उजव्या हाताने हलकेच खाली दाबला, आणि मग बुडबुडे सुटले. आधी भराभर, मग एकामागे एक, मग आठवण आल्यासारखा एखादा. दोघेही बादलीशी उकिडवे बसले होते. बुडबुडे थांबल्यावर दादांनी गोळा वर काढला, निथळू दिला, पुन्हा तोलला, आणि त्यांच्या ओठांची हालचाल झाली. ते मनात काही तरी मोजून ठेवत होते. पिवळी तीन पाने वाचणार नव्हतीच, ती वहिनींनी कात्रीने कापली. उरलेल्यांची टोके संध्याकाळपर्यंत सुटली. एका पानाचे टोक तपकिरी झाले ते तसेच राहिले.

सोमवारी दुपारी दोघे बेकरीत गेले. वहिनी नको म्हणत होत्या, पण दादा म्हणाले, "चल. बटणं लावायला कुणी तरी हवंच." दुपारच्या पावाचे पीठ तेव्हाच फुगून वर आले होते. नव्या कारागिराने आपले साचे एका बाजूला सरकवले आणि टेबलाचा अर्धा भाग मोकळा केला. दादांनी हात धुतले, पिठाची मूठ टेबलावर भुरभुरली, आणि पत्र्याची पट्टी डाव्या हातात घेतली. उजवा तळहात तेवढा मोकळा ठेवला.

धाकटा वहिनींना दाराशी घेऊन गेला. त्याचे डोळे पाणावले होते. "वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," तो कुजबुजला. "दादा कापेल तसं कापू दे. कमीजास्त झालेले गोळे मी मागच्या खोलीत नेऊन गुपचूप सारखे करीन. त्याला पत्तासुद्धा लागणार नाही."

वहिनींनी दिराकडे पाहिले. इतका भला चेहरा, इतके भले बोलणे. तीन आठवडे गॅलरीत वाडगे धरून उभी असलेली बाई जणू त्यांच्यासमोर उभी होती.

"नाही, भावजी," त्या मोठ्याने म्हणाल्या, टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "काटा इथेच आणा, त्यांच्या शेजारी. प्रत्येक गोळा त्यांच्या डोळ्यांदेखत ठेवा आणि असेल तो आकडा तोंडावर सांगा."

धाकटा गोंधळला. त्याने भावाकडे पाहिले. दादा पाठमोरेच होते. "ऐकलंस ना?" ते म्हणाले. "घरात तिचंच चालतं. आण काटा."

काट्यावरचे चहाचे कप खाली उतरले. पहिला गोळा दादांनी झेलला, तोलला, ठेवला. धाकट्याने घसा खाकरला. "चाळीस कमी."

"हं."

दुसरा. "तीस कमी." तिसरा. "तीस कमीच." वहिनींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. चौथा गोळा दादांनी जरा जास्त वेळ हातात ठेवला. "वीस जास्त," धाकटा म्हणाला.

"म्हणजे मुक्काम मागे पडला," दादा म्हणाले. "रस्त्यात मधेच कुठे तरी आहे तो. चल."

नवा कारागीर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपले पीठ कापता कापता हसला. दादांनी त्याला सांगितले, ते टोक तुझे, हे माझे, दोघांना पुरेल एवढे लांब आहे, उद्यापासून कायमचा ये. माझ्या टोकाला सध्या फक्त दुपारची खेप. धाकट्याने मान हलवली आणि तो पुढचा आकडा सांगू लागला. पंधरा कमी. दहा जास्त. पुन्हा पंचवीस कमी, कारण मधे दादांचा हात थकला आणि त्यांना स्टुलावर बसावे लागले. कुणी काही लपवले नाही. एक ताट भरले, दुसरे भरत आले.

त्या ताटातला शेवटचा गोळा दादांनी कापला, तळहातावर घेतला, आणि काट्यावर ठेवला. धाकटा आकड्याकडे पाहत राहिला. मग त्याने वहिनींकडे पाहिले. फरक अगदीच थोडा होता, सोडून दिला असता तरी चालला असता. वहिनींनी भुवया उंचावल्या.

"पाच कमी," तो म्हणाला.

"ते मला कळलं होतं," दादा म्हणाले आणि चिमूटभर पीठ आधीच बोटांत धरलेला उजवा हात त्यांनी पुढे केला. "तू सांगतोस की नाही, ते बघत होतो."